वाऱ्याचा हिशेब

१९ जुलै २०२२ हा दिवस इंग्लंडच्या हवामानाच्या इतिहासांत कायमचा नोंदला गेला आहे. लिंकनशायर परगण्यांतील कॉनिंग्सबी येथें त्या दिवशीं पारा ४०.३ अंश सेल्सियसवर चढला. त्या देशांत चाळीस अंशांची मर्यादा त्यापूर्वीं कधींच ओलांडली गेली नव्हती. विदर्भांत वैशाखमासीं एवढ्या उन्हाचें कोणास विशेष वाटत नाहीं. परंतु लंडन शहराची रचना अशा उन्हासाठीं झालेली नाहीं. त्या दिवशीं लंडनमधील गाईज आणि सेंट थॉमस या नामांकित रुग्णालयांचीं दोन्ही डेटा सेंटरें, म्हणजे संगणकांचीं यंत्रगृहें, उष्णतेनें बंद पडलीं. रोग्यांचे कागदपत्र, तपासण्यांचे निकाल, औषधांच्या नोंदी, सारें कांहीं त्या यंत्रांच्या पोटांत होतें. डॉक्टरांना व परिचारिकांना पुन्हां कागद आणि लेखणी हातीं घ्यावी लागली. कांहीं शस्त्रक्रिया व भेटी पुढें ढकलाव्या लागल्या. आणि सारी घडी पूर्ववत् बसावयास कित्येक आठवडे लागले. रोगी तेच होते, वैद्य तेच होते, औषधेंही तींच होतीं. उणीव पडली होती ती यंत्रांच्या खोलींतील गार हवेची.

यंत्रगृह हा शब्द कानीं पडतांच गिरणीची धडधड आठवते. परंतु हीं यंत्रगृहें निराळीं. मोठ्या दालनांत माणसाहून उंच अशा लोखंडी कपाटांच्या रांगा उभ्या असतात. प्रत्येक कपाटांत फळीवर फळी रचावी त्याप्रमाणें संगणक बसविलेले असतात. बँकेची खातेवही, आगगाडीचें आरक्षण, घरोघरीं पोंचणारे निरोप व चित्रें यांचा व्यवहार तेथें अहोरात्र चालतो. या यंत्रांतून धूर निघत नाहीं, राख पडत नाहीं, कीं कांहीं माल तयार होऊन दाराबाहेर जात नाहीं. आंत शिरलेली बहुतेक सारी वीज अखेर उष्णता होऊनच बाहेर पडते. घरांतील विजेची इस्त्री साधारण एक किलोवॅट वीज घेते. पांच-सहा किलोवॅट वीज घेणारें एक साधें कपाट म्हणजे पांच-सहा इस्त्र्या दिवसरात्र तापत ठेवण्यासारखें आहे; आणि अशीं शेंकडों कपाटें एका छताखालीं असतात. एक किलोवॅट उष्णता वाहून न्यावयाची आणि हवेचें तपमान अकरा अंशांहून अधिक वाढूं द्यावयाचें नाहीं असें ठरविलें, तर दर मिनिटास सुमारें साडेचार घनमीटर हवा त्या यंत्रांतून गेली पाहिजे.

तेव्हां प्रश्न केवळ हवा गार करण्याचा नाहीं. ती गार हवा ज्या यंत्रास हवी त्याच्याच तोंडाशीं पोंचते कीं नाहीं, हा खरा प्रश्न आहे. पाणी वाट चुकलें तर तें डोळ्यांना दिसतें. वारा वाट चुकला तर दिसत नाहीं. त्याचा हिशेब गणितानेंच मांडावा लागतो, आणि तो मांडण्याची सर्वसाधारण विद्या साधावयास मनुष्यास दीडशें वर्षें लागलीं.

या विद्येचा पाया क्लोद-लुई नाव्हिए या फ्रेंच अभियंत्यानें १८२२ सालीं घातला, आणि केंब्रिजच्या जॉर्ज गेब्रिएल स्टोक्स यांनीं १८४५ सालीं तिला पक्कें रूप दिलें. वाहणारा पदार्थ पाणी असो कीं हवा असो, त्याचा प्रत्येक अंश न्यूटनच्या नियमांप्रमाणेंच चालतो. दाब त्यास ढकलतो आणि शेजारच्या थराचें घर्षण त्यास मागें ओढतें, हें त्यांच्या समीकरणांचें सार होय. समीकरणें मांडावयास चार ओळी पुरतात. परंतु तीं सोडविणें मात्र अतिशय दुर्घट. कारण वारा हा स्वतःच स्वतःस वाहून नेतो. वेग बदलला कीं त्या वेगास वाहून नेणारा प्रवाहही बदलतो, आणि तो बदलला कीं वेग पुन्हां बदलतो. सरळ नळींतील संथ प्रवाहासारखीं कांहीं सोपीं उदाहरणें सुटलीं. परंतु खोलींत फिरणाऱ्या, वळणाऱ्या, भोंवरे घेणाऱ्या हवेपुढें बीजगणित थबकलें. या समीकरणांचीं उत्तरें नेहमीं सुरळीतच राहतात कीं कोठें तरी तीं फुटतात, याचा निर्णय लावणाऱ्यास २००० सालीं अमेरिकेंतील क्ले गणित संस्थेनें दहा लक्ष डॉलरांचें पारितोषिक जाहीर केलें. तें अद्याप कोणासही मिळालेलें नाहीं.

जें बीजगणितानें सुटत नाहीं तें अंकगणितानें सोडवावें, असा विचार ल्युइस फ्राय रिचर्डसन या इंग्रज शास्त्रज्ञानें केला. अवकाशाचे लहान लहान चौकोन पाडावयाचे, प्रत्येक चौकोनांतील हवेचा दाब व वेग लिहावयाचा, आणि शेजारच्या चौकोनांशीं देवघेव मोजीत पुढच्या क्षणाचे आंकडे काढावयाचे, अशी त्याची रीत होती. रिचर्डसन शांततावादी क्वेकर पंथाचा असल्यानें पहिल्या महायुद्धांत त्यानें शस्त्र हातीं घेतलें नाहीं. फ्रान्समध्यें जखमी सैनिकांची गाडी चालविण्याचें काम पत्करलें. त्या धामधुमींत त्यानें २० मे १९१० या दिवसाच्या हवामानाचें गणित हातानें केलें. १९१७ सालच्या लढाईंत त्याचें हस्तलिखित हरवलें आणि कांहीं महिन्यांनीं बेल्जममध्यें कोळशाच्या ढिगाखालीं सांपडलें. १९२२ सालीं ग्रंथ प्रसिद्ध झाला, तेव्हां त्यांतील उत्तर साफ चुकलेलें सर्वांना दिसलें. सहा तासांत हवेचा दाब १४५ मिलिबारांनीं वाढेल असें गणित सांगत होतें. प्रत्यक्षांत तो जवळजवळ स्थिर होता. रिचर्डसननें ही चूक लपविली नाहीं, ग्रंथांत छापली. त्याच ग्रंथांत त्यानें एक कल्पनाचित्रही रेखाटलें: नाटकगृहासारखें एक प्रचंड गोल दालन, भिंतींवर पृथ्वीचा नकाशा, आणि सज्जांतून बसलेले ६४,००० गणक आपापल्या चौकोनाचें गणित करीत वाऱ्याच्या बरोबरीनें धांवण्याची खटपट करीत आहेत.

ते ६४,००० गणक कधींच जमले नाहींत. त्यांच्या जागीं यंत्र आलें. १९४६ सालीं फिलाडेल्फिया येथें जगापुढें आलेल्या एनिॲक या संगणकांत सुमारें १८,००० निर्वात नळ्या होत्या, वजन सुमारें ३० टन होतें, आणि तो सुमारें १५० किलोवॅट वीज घेत असे. १९५० सालीं चार्नी, फ्यॉर्टॉफ्ट आणि फॉन नॉयमन या तिघांनीं याच यंत्रावर पहिला गणिती हवामान-अंदाज काढला. चोवीस तासांचा अंदाज काढावयास सुमारें चोवीस तासच लागले. म्हणजे गणित कसेंबसें वाऱ्याच्या पावलाला पाऊल लावून चाललें. ते निकाल वृद्ध रिचर्डसन यांस कळविण्यांत आले, आणि आपली रीत निष्फळ नव्हती हें पाहण्याचें भाग्य त्यांना लाभलें. या प्रसंगांत एक विलक्षण योग मात्र त्या काळीं कोणाच्या फारसा ध्यानांत आला नसावा. ज्या यंत्रानें वाऱ्याचें गणित केलें, तें यंत्र स्वतः पंख्यांच्या वाऱ्यावर जगत होतें. नळ्यांची उष्णता वाहून नेणारे मोठाले पंखे बंद पडते, तर गणितही बंद पडतें.

पुढील पाऊल न्यू मेक्सिकोंतील लॉस अलामोस प्रयोगशाळेंत पडलें. तेथें फ्रान्सिस हार्लो आणि त्यांचे सहकारी यांनीं १९५० नंतरच्या दशकांत वाहत्या पदार्थांच्या संगणकीय गणिताच्या अनेक रीती शोधल्या. १९६५ सालीं हार्लो व वेल्श यांनीं मांडलेली एक युक्ति फार फलदायी ठरली. दाब चौकटीच्या मध्यावर लिहावयाचा आणि वेग चौकटीच्या कडांवर लिहावयाचा, ही ती युक्ति. दिसावयास ती क्षुल्लक. परंतु तिच्यामुळें आंकड्यांत उद्भवणारे खोटे चढउतार नाहींसे झाले. तरीही एक अडचण उरलीच. सर्वसाधारण वाऱ्याच्या गणितांत वेगासाठीं समीकरण असतें, उष्णतेसाठीं असतें. दाबासाठीं मात्र स्वतंत्र समीकरण नसतें. दाब माहीत असल्याविना वेग काढतां येत नाहीं, आणि वेग माहीत असल्याविना दाब कळत नाहीं.

हा पेंच सुटला तो लंडनच्या इंपीरियल कॉलेजांत. आणि तो सोडविणाऱ्या दोघांपैकीं एक पुण्याचे होते. सुहास पाटणकर यांचा जन्म १९४१ सालीं पुण्यास झाला. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाची पदवी १९६२ सालीं घेऊन ते मुंबईच्या आय. आय. टी. मध्यें शिकले आणि तेथून इंपीरियल कॉलेजांत प्राध्यापक ब्रायन स्पॉल्डिंग यांच्या हाताखालीं गेले. तेथें १९६७ सालीं त्यांस डॉक्टरची पदवी मिळाली. १९७२ सालीं पाटणकर आणि स्पॉल्डिंग यांचा जो निबंध प्रसिद्ध झाला, त्यांतील रीत 'सिंपल' या नांवानें जगभर ओळखली जाते. इंग्रजी आद्याक्षरांवरून बनलेल्या या नांवाचा अर्थही 'सोपी' असाच होतो.

ती रीत तंबोरा लावण्यासारखी आहे. तंबोऱ्याची एक तार पिळावी तर दुसरी किंचित् उतरते. ती चढवावी तर पहिली पुन्हां बिघडते. म्हणून जाणता मनुष्य एकच तार अचूक करण्याच्या नादीं लागत नाहीं. तो चारी तारांवरून पुन्हां पुन्हां फिरतो, आणि प्रत्येक फेरींत बेसूर कमी कमी होत जातो. 'सिंपल' रीतींत प्रथम दाबाचा एक अंदाज धरतात. त्या दाबानें वारा कसा वाहील तें काढतात. मग प्रत्येक चौकटीचा जमाखर्च तपासतात: जितकी हवा आंत आली तितकीच बाहेर गेली पाहिजे. जेथें आवक अधिक तेथें दाब थोडा वाढवावयाचा, जेथें जावक अधिक तेथें थोडा उतरवावयाचा, आणि पुन्हां वारा काढावयाचा. अशा शेंकडों फेऱ्यांनंतर सर्व चौकटींचा जमाखर्च जुळतो, आणि तें उत्तर होय. मनुष्याच्या हातून हें होणें नाहीं. संगणकास मात्र अशा फेऱ्यांचा कंटाळा नाहीं. पाटणकर पुढें अमेरिकेंत मिनेसोटा विद्यापीठांत प्राध्यापक झाले. १९८० सालीं निघालेल्या त्यांच्या ग्रंथावर उष्णता व प्रवाह यांच्या गणिताचे अनेक देशांतील विद्यार्थी शिकले.

विद्या पक्की झाल्यावर तिचें हत्यार बनावयास वेळ लागला नाहीं. स्पॉल्डिंग यांच्या संस्थेनें १९८१ सालीं 'फीनिक्स' ही प्रणाली विक्रीस आणली. सर्व प्रकारच्या प्रवाहांसाठीं बाजारांत आलेलें हें पहिलें सॉफ्टवेअर समजलें जातें. त्याच परंपरेंतून बाहेर पडलेल्या दोघांनीं १९८८ सालीं इंग्लंडमध्यें 'फ्लोमेरिक्स' ही कंपनी काढली आणि विद्युत्-यंत्रांच्या शीतनाचें गणित करणारें सॉफ्टवेअर बनविलें. पाटणकर यांनींही १९८७ सालीं मिनेसोटांत स्वतःची संस्था स्थापिली. वाऱ्याचें गणित आतां विमानांच्या कारखान्यांतून उतरून पेटीएवढ्या यंत्राच्या पोटांत शिरलें होतें. तेथून तें यंत्रगृहांत कसें आलें, हें समजण्यासाठीं यंत्रगृहांची रचना पाहिली पाहिजे.

मोठ्या संगणकांच्या दालनांत पहिल्यापासून एक उंच केलेली फरशी असे. खऱ्या जमिनीवर लोखंडी खुंट उभे करून त्यांवर दोन फूट चौरस लाद्या बसवीत, आणि मधल्या फूट ते तीन फूट उंचीच्या पोकळींतून तारा नेत. पुढें त्याच पोकळींत वातानुकूलन यंत्रें गार हवा सोडूं लागलीं. जेथें हवा वर यावयास हवी तेथें भोंकांची लादी बसविली कीं काम झालें, असा समज होता. अत्यंत तापणारे मोठे संगणक काहीं काळ पाण्यानें गार करीत, आय. बी. एम. चें १९८० सालचें ३०८१ हें यंत्र तशाच प्रकारचें होतें. १९९० नंतर चिपांची जात बदलली, त्या कमी वीज घेऊं लागल्या, आणि पाण्याचे नळ काढून पुन्हां हवेवर भिस्त ठेवण्यांत आली. परंतु लवकरच लहान संगणक कपाटांत दाटीवाटीनें बसूं लागले आणि उष्णता पुन्हां वाढली.

आय. बी. एम. चे रॉबर्ट सलिव्हन यांनीं १९९२ च्या सुमारास एक साधी सुधारणा सुचविली. तोंवर सर्व कपाटें शाळेंतील बांकांप्रमाणें एकाच दिशेस तोंड करून उभीं असत. त्यामुळें पुढच्या रांगेनें सोडलेली गरम हवा मागची रांग ओढून घेई. सलिव्हन यांनीं रांगा समोरासमोर उभ्या केल्या. दोन रांगांचीं तोंडें जिच्यांत येतात ती थंड गल्ली, आणि दोन रांगांच्या पाठी जिच्यांत येतात ती गरम गल्ली. भोंकांच्या लाद्या फक्त थंड गल्लींतच बसवावयाच्या. ही व्यवस्था जगभर रूढ झाली.

तरीही एक कोडें उरलें. चाळींत टाकीजवळच्या नळास पाण्याचा जोर अधिक असतो, हा सर्वांचा अनुभव. त्याच न्यायानें वातानुकूलन यंत्राच्या अगदीं जवळच्या लादींतून सर्वांत अधिक गार हवा यावी, असें कोणासही वाटेल. म्हणून अधिक तापणारें कपाट तेथेंच ठेवीत. परंतु तें कपाट अधिकच तापे. उपाय म्हणून आणखी एक वातानुकूलन यंत्र आणून शेजारीं बसवीत, आणि पुष्कळदां परिस्थिति सुधारण्याऐवजीं बिघडे. पैसा जाई, वीज जाई, आणि दोष कोठें आहे तें कळत नसे.

या कोड्याचा उलगडा गणितानें केला. २००१ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका निबंधांत आय. बी. एम. चे रॉजर श्मिट आणि पाटणकर व त्यांचे सहकारी यांनीं फरशीखालच्या हवेचें चित्र मांडलें. यंत्रांतून सुटलेली हवा फरशीखालीं प्रथम फार वेगानें धांवते. जेथें वेग अधिक तेथें दाब कमी, हें डॅनियल बर्नुली यांनीं १७३८ सालींच सांगून ठेवलेलें तत्त्व आहे. म्हणून यंत्राजवळच्या लादीखालीं दाब सर्वांत कमी असतो आणि तेथून हवा थोडीच वर येते. पुढें पलीकडच्या भिंतीकडे वेग मंदावतो, दाब वाढतो, आणि तेथील लाद्यांतून हवा भरपूर उसळते. कित्येकदां तर यंत्राजवळच्या लादीखालचा दाब खोलींतील दाबाहूनही उतरतो. मग लादी हवा वर सोडण्याऐवजीं खोलींतील हवाच खालीं ओढते. आणखी एक वातानुकूलन यंत्र जोडलें कीं वेग वाढतो आणि दोष दुणावतो. हा सारा खेळ ज्या दाबाच्या फरकावर चालतो तो किती सूक्ष्म असावा? बहुधा १२ पास्कलांच्या आसपास, म्हणजे पाण्याच्या एक मिलिमीटरभर थराच्या भाराएवढा. हाताला तो कळत नाहीं, कानाला ऐकूं येत नाहीं. पण लक्षावधि रुपयांच्या यंत्रांचें भवितव्य त्यावर अवलंबून असतें.

रोग कळल्यावर औषध स्वस्त निघालें. लाद्यांना भोंकें कमी ठेवलीं, म्हणजे लादीच्या क्षेत्राचा सुमारें चौथा हिस्साच मोकळा ठेवला, तर फरशीखालचा दाब पुष्कळसा सारखा होतो आणि सर्व लाद्यांतून हवा सारखी येते. जेथें हवा अधिक हवी तेथें भोंकें किती ठेवावीं, फरशीखालीं आडोसा कोठें घालावा, यंत्र कोणत्या कोपऱ्यांत ठेवावें, हें अगोदर गणितानें पाहतां येऊं लागलें. पाटणकर यांच्या संस्थेनें याच कामासाठीं 'टाइलफ्लो' हें सॉफ्टवेअर बनविलें. फरशीवरच्या खोलींत दाब जवळजवळ सर्वत्र सारखा असल्यानें लाद्यांतील हवेचें माप काढावयास केवळ फरशीखालच्या पोकळीचें गणित पुरतें, ही गोष्ट ध्यानांत आल्यामुळें काम आणखी सुलभ झालें. २०१० सालीं अमेरिकेंतील उष्णताशास्त्राच्या नियतकालिकांत पाटणकर यांनीं या सर्व विषयाचा आढावा घेणारा दीर्घ लेख लिहिला.

त्यानंतर या सॉफ्टवेअरांत जी भर पडत गेली, तिचा क्रम पाहिला म्हणजे यंत्रगृहांच्या अडचणींचा इतिहासच डोळ्यांपुढें येतो. फरशीखालचें गणित साधल्यावर फरशीवरचें गणित हातीं घेतलें गेलें. लादींतून आलेली हवा कपाटाच्या गरजेहून कमी पडली तर कपाट थांबत नाहीं. त्याचे पंखे उरलेली हवा कोठूनही ओढतात, आणि ती बहुधा कपाटाच्या माथ्यावरून वळून आलेली गरम हवा असते. म्हणून सर्वांत वरच्या फळीवरचे संगणक आधीं तापतात. हें दिसूं लागतांच गल्ल्यांना दारें व छप्पर घालून थंड व गरम हवा वेगळी ठेवण्याची रीत आली, कपाटांतील रिकाम्या फळ्या झांकण्याची रीत आली, कपाटाच्या पाठीवर धुराड्यासारखी नळी बसवून गरम हवा थेट छतांत सोडण्याची रीत आली; आणि प्रत्येक रीतीबरोबर सॉफ्टवेअरांत तिचें गणित आलें. फटींतून गळणारी हवा, तारांच्या जुडग्यांचा अडथळा, छताखालचे परतीचे मार्ग हेंही त्यांत मोजलें जाऊं लागलें.

मग काळाचें गणित आलें. वीज गेली आणि हवा गार करणारें यंत्र थांबलें, परंतु संगणक मात्र बॅटरीवर चालूच राहिले, तर कोणतें कपाट किती मिनिटांत धोक्याच्या रेषेवर जाईल? एक वातानुकूलन यंत्र दुरुस्तीस काढलें तर बाकीचीं त्याचा भार उचलतील काय? प्रत्यक्ष यंत्रगृहांत असे प्रयोग करणें म्हणजे नांदत्या घरास आग लावून पाहण्यासारखें आहे. गणितांत मात्र ते कितीही वेळां करतां येतात. अलीकडे तपमान मोजणाऱ्या साधनांचे आंकडे घेऊन गणिताचें उत्तर प्रत्यक्षाशीं ताडून पाहण्याची सोयही झाली आहे. इमारतीचें असें सदैव अद्ययावत् ठेवलेलें गणिती रूप आज 'डिजिटल ट्विन', म्हणजे जुळें भावंड, या नांवानें ओळखलें जातें.

या ज्ञानाचा लाभ केवळ यंत्रांच्या जीवास नाहीं. पंख्याची गति एक पंचमांशानें कमी केली तर त्याचा विजेचा खर्च जवळजवळ निम्म्यावर येतो, कारण खर्च गतीच्या घनाच्या प्रमाणांत बदलतो. हवा नेमकी पोंचते अशी खात्री असेल तर पंखे सावकाश फिरवितां येतात. अमेरिकेंतील वातानुकूलन अभियंत्यांच्या संस्थेनें २००४ सालीं संगणकांच्या तोंडाशीं २० ते २५ अंश तपमान असावें असें सुचविलें होतें. २००८ सालीं ती मर्यादा १८ ते २७ अंशांपर्यंत सैल केली. म्हणजे दालनांत हुडहुडी भरेपर्यंत गारवा ठेवण्याची गरज उरली नाहीं. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या अंदाजानें २०२४ सालीं जगांतील डेटा सेंटरांनीं सुमारें ४१५ टेरावॅट-तास वीज वापरली, म्हणजे जगाच्या एकंदर वापराच्या सुमारें दीड टक्का. त्यांतील जो भाग केवळ शीतनावर खर्ची पडतो, त्यांत होणारी बचत ही कोणाच्या तरी घरीं दिवा लावणारी बचत आहे.

तथापि गणितालाही मर्यादा आहेत. हवेंतील बारीक भोंवरे एकेक करून मोजणें आजच्या संगणकांसही परवडत नाहीं. त्यांच्या सरासरी परिणामाचा अंदाज धरावा लागतो, आणि त्यासाठीं लाँडर व स्पॉल्डिंग यांनीं १९७४ सालीं मांडलेली रीत अजून वापरांत आहे. याहून मोठी मर्यादा माणसाची. कोणीं फरशीखालीं जुन्या तारा तशाच टाकून दिल्या, कोणीं सोयीसाठीं एक लादी उचलून ठेवली, कोणीं न कळवितां कपाटांत चार संगणक वाढविले, तर गणितांतील खोली आणि खरी खोली यांची फारकत होते. मग उत्तर कितीही सुबक रंगांत पडद्यावर दिसलें, तरी तें दुसऱ्याच खोलीचें उत्तर असतें. हिशेबनीस हुशार असला तरी पावत्याच जागेवर नसतील तर त्याचा ताळेबंद काय कामाचा?

आज या इतिहासास नवें वळण लागलें आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या गणितासाठीं बनलेलें एक कपाट, उदाहरणार्थ एन्व्हिडिया कंपनीचें २०२४ सालचें ७२ चिपांचें कपाट, सुमारें १२० किलोवॅट वीज घेतें. पूर्वींच्याच हिशेबानें तें केवळ हवेनें गार करावयाचें तर दर मिनिटास सुमारें ५४० घनमीटर हवा लागेल. म्हणजे घरांतील पंधरा मध्यम खोल्यांतील हवा दर मिनिटाला एका कपाटांतून जावयास हवी. तितक्याच आकारमानाचें पाणी हवेच्या सुमारें ३,५०० पट उष्णता वाहून नेतें. म्हणून १९८० सालचे पाण्याचे नळ पुन्हां यंत्रगृहांत आले आहेत, आणि वाऱ्याचें गणित करणाऱ्या सॉफ्टवेअरांत आतां नळांच्या जाळ्याचें गणितही जोडलें जात आहे. तरी हवा सुटलेली नाहीं. पाण्यानें न उचललेली उष्णता अखेर तिच्याच पदरीं पडते.

या प्रश्नाशीं महाराष्ट्राचा संबंध केवळ पाटणकर यांच्या जन्मगांवापुरता नाहीं. भारतांतील डेटा सेंटरांची सर्वांत मोठी वस्ती मुंबई व नवी मुंबई येथें आहे. समुद्राखालून येणाऱ्या तारांना मुंबईचा किनारा जवळ, हें त्याचें एक कारण. तेथील हवा वर्षाचे बहुतेक महिने उष्ण आणि दमट. तेथें वाया जाणारा प्रत्येक किलोवॅट त्याच शहराच्या वीजजाळ्यावर पडतो, जें जाळें रुग्णालयें, लोकल गाड्या आणि पाण्याचे पंप चालवितें.

लंडनच्या त्या दिवशीं जें घडलें त्यांत यंत्रांचा अपराध नव्हता, वाऱ्याचाही नव्हता. दोघेही आपापल्या नियमांप्रमाणेंच वागले. बाहेर चाळीस अंश झाले तर आंत काय होईल, हा प्रश्न आज कोणत्याही यंत्रगृहाच्या गणिती जुळ्यास आगाऊ विचारतां येतो. रिचर्डसनला ज्या उत्तरासाठीं ६४,००० माणसें हवीं होतीं, तशा प्रकारचीं उत्तरें आतां टेबलावरच्या संगणकावर मिळतात. मात्र प्रश्न विचारावयाचें काम अजून माणसाकडेच आहे. आणि तो उन्हाळा येण्यापूर्वीं विचारला गेला पाहिजे.